पल्सर १५० ला कुठले स्पार्क प्लग टाकू? इरिडियम घेऊ का साधेच?

घाटवाट

नमस्कार मंडळी. गाडी पल्सर १५०, २०१३ चं मॉडेल, कार्ब्युरेटरवाली, सेकंडहँड घेतलीय, किती जणांच्या हातातून फिरून आली देवाला ठाऊक. पावसाळा लागल्यापासून सकाळी सेल्फवर लवकर उठत नाही, चोक ओढून ओढून चालू करावी लागते, आणि एकदा चालू झाली की गावात ठीक पण साठच्या पुढे गेलं की मधेच मिस मारते, आंबा घाटात चढाला तर तिसऱ्या गिअरला पण दम नाही. ॲव्हरेज पंचेचाळीसच्या वर होतं ते चाळीसच्या खाली आलं. एअर फिल्टर नवा टाकलाय, कार्ब साफ करून झालाय, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) पण सेट केलेत.

आता गॅरेजवाला म्हणतो प्लग गेलेत (या गाडीच्या एका सिलिंडरला दोन असतात), दोन्ही इरिडियम टाक, म्हणजे त्या महागड्या धातूच्या टोकाचे, गाडी उडेल. मित्र म्हणतो घाटात पळवतोस ना, मग एक नंबर थंड प्लग टाक. आणि स्पेअरच्या दुकानात गेलो तर त्याने मॉडेल पण नीट न ऐकता एक डबी पुढे सरकवली, "हाच बसतो सगळ्यांना" म्हणाला, घेतली नाही. इरिडियमच्या जोडीला हजार-बाराशे सांगतात, साधी जोडी अडीचशेत येते. पैसे घालायला हरकत नाही पण फरक पडणार असेल तरच. आणि थंड प्लग म्हणजे नक्की काय भानगड आहे? बदलायचं काम घरीच करायचा विचार आहे, पाने आहेत.

पाना_१६

आधी काही विकत घेऊ नका. दोन्ही प्लग काढा आणि उजेडात बघा, इथे फोटो टाका. दोन्ही म्हणजे दोन्ही. या गाडीत एक प्लग हाताला येतो आणि दुसरा खोल नळीत बसलेला असतो, त्यामुळे सोपा तेवढा बदलून पैसे दोन्हीचे घेणारे भरपूर आहेत. इंजिन एका प्लगवर पण चालू होतं म्हणून गिऱ्हाइकाला पत्ता लागत नाही. फक्त ॲव्हरेज पडतं आणि चढाला दम जातो, जे तुम्ही लिहिलंयच.

काढताना इंजिन पूर्ण गार पाहिजे, रात्री लावलेली गाडी सकाळी खोला. हेड, म्हणजे सिलिंडरचं वरचं झाकण ज्यात प्लग बसतो, ते ॲल्युमिनियमचं आहे, गरम असताना जोर लावला तर आटे प्लगबरोबर बाहेर येतात, मग बुश मारून नवे आटे पाडत बसा. प्लगच्या खड्ड्यात माती आणि वाळू साठलेली असते, पाना लावायच्या आधी सायकलच्या पंपाने हवा मारा, नाहीतर प्लग निघाला की ती सगळी सिलिंडरमध्ये जाते. कुठला प्लग कुठल्या बाजूचा ते चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

काजळी_वाचक

पाना भाऊंना अनुमोदन, आधी जुना प्लग वाचा. तोवर थंड-गरमचं सांगतो कारण यावर दुकानदारांपासून सगळे काहीही बोलतात.

प्लग थंड किंवा गरम म्हणजे ठिणगी कमी-जास्त नव्हे. प्लगचं टोक स्वतःला लागलेली उष्णता हेडला किती पटकन देऊन टाकतं एवढाच तो प्रश्न आहे. आतलं जे पांढरं चिनी मातीचं टोक दिसतं ते लांब असेल तर उष्णतेला बाहेर पडायला वेळ लागतो, टोक तापलेलं राहतं, तो गरम प्लग. टोक आखूड असेल तर उष्णता पटकन हेडमध्ये जाते, तो थंड. टोक साधारण ४५०-५०० अंश सेल्सिअसच्या वर राहायला पाहिजे, तरच त्यावर बसलेली काजळी आपोआप जळून जाते. आणि ८०० च्या वर गेलं की ठिणगी पडायच्या आधीच ते लाल टोक पेट्रोल पेटवायला लागतं, ते चालू राहिलं तर पिस्टनला भोक. या दोन आकड्यांच्या मधे टोक राहावं म्हणून कंपनीने प्लगचा नंबर ठरवलेला असतो. ट्रॅकवर तासन् तास फुल्ल थ्रॉटल मारणाऱ्याने किंवा कॉम्प्रेशन वाढवलेल्याने एक नंबर थंड घ्यावा. आपण घाट चढतो म्हणजे वीसेक मिनिटं चढतो आणि मग चहाला थांबतो. त्यात गावातला ट्रॅफिक आणि पावसाळ्यातला चोक धरला तर थंड प्लग उलट लवकर काळा पडेल. तुमच्या मित्राचा सल्ला तुमच्या गाडीला उलटा लागू आहे.

आणि खरी गंमत नंबरात आहे. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा वाढला की प्लग थंड होतो. बॉश आणि चॅम्पियनमध्ये आकडा वाढला की गरम होतो. म्हणजे दुकानदार जेव्हा म्हणतो "अहो कंपनी वेगळी पण नंबर तोच आहे, सहाच्या जागी सहा" तेव्हा तो तुम्हाला भलताच प्लग देत असू शकतो. डेन्सोचे आकडे तर वेगळ्याच पट्टीतले, त्यांचा २४ म्हणजे एनजीकेचा ८ च्या आसपास. त्यामुळे ब्रँड बदलायचा असेल तर त्या ब्रँडचा तक्ता बघायचा, आकड्याला आकडा जुळवायचा नाही.

एनजीकेचं उदाहरण देतो, हा तुमच्या गाडीचा प्लग नाही, फक्त वाचायचा कसा ते कळावं म्हणून. सीपीआर८ईए-९ असं लिहिलंय समजा. सी म्हणजे १० मिमीचे आटे, त्याला १६ चा पाना. पी म्हणजे टोक जरा पुढे आलेलं. आर म्हणजे आत रेझिस्टर आहे, साधारण ५ किलो-ओहमचा. ८ ही हीट रेंज, म्हणजे थंड-गरमचा आकडा. ई म्हणजे आट्यांची लांबी १९ मिमी. आणि शेवटचा ९ म्हणजे गॅप, ठिणगी पडते त्या दोन टोकांमधली फट, ०.९ मिमी. यातलं एक अक्षर बदललं तर प्लग बदलला. आर नसलेला स्वस्त पडतो म्हणून घेऊ नका, हल्लीच्या सीडीआयला (ठिणगीची वेळ ठरवणारा डबा) आणि इंजेक्शनवाल्या गाडीच्या ईसीयूला (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या ठिणगीच्या विद्युत गोंगाटाचा त्रास होतो.

जुन्या प्लगवर छापलेला नंबर बघून तसाच आणायचा हे पण सेकंडहँड गाडीत धोक्याचं, आधीच्या मालकाने काय बसवलं असेल सांगता येत नाही. मॅन्युअलमधला नंबर खरा धरा.

घाटवाट

वा, एवढं कोणी सांगितलंच नव्हतं. आज सकाळी काढले दोन्ही. सोपा होता तो लगेच निघाला. दुसऱ्यासाठी गाडीच्या टूलकिटमधला पाईपसारखा पाना लागला, नळीत थोडं पाणी पण होतं, धुतली होती परवा.

फोटो टाकतोय पण कळत नसेल तर लिहितो. बाहेरच्या प्लगचं टोक फिकट तपकिरी, बिस्किटासारखं, स्वच्छ वाटतंय. आतला कुट्ट काळा, कोरडी काजळी, बोटाला लागते, तेलकट नाही. आणि पाना_१६ म्हणाले तसंच निघालं, दोन्ही वेगळ्या कंपनीचे आहेत. बाहेरचा नवा दिसतो, आतल्याच्या वरचा नंबर पुसलाय, वाचताच येत नाही, टोकाच्या कडा पण गोल झाल्यात, गॅप एक मिमीच्या पण वर वाटतेय. आता काळा म्हणजे पेट्रोल जास्त जातंय ना? कार्ब परत ट्यून करून घेऊ का?

काजळी_वाचक

थांबा, कार्बला हात लावू नका!! दोन्ही प्लग एकाच सिलिंडरमध्ये आहेत. हवा-पेट्रोलचं मिश्रण दोघांना एकच मिळतं. पेट्रोल जास्त जात असतं तर दोन्ही काळे निघाले असते. एक बिस्किटी आणि एक काळा याचा अर्थ मिश्रण ठीक आहे आणि काळा प्लग नीट पेटतच नाहीये, दुसऱ्याने पेटवलेल्याचा धूर नुसता अंगावर घेतोय. एक प्लग असलेल्या गाडीत हे इतकं स्वच्छ कळत नाही, तुमच्याकडे तुलना करायला शेजारीच दुसरा आहे म्हणून कळलं.

आता तो का पेटत नाही याला दोन-तीन कारणं. एक तर गॅप. कडा झिजून गॅप वाढली की ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं, हळू चालवताना कसंबसं जमतं पण थ्रॉटल दिला की सिलिंडरमध्ये दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडी मारत नाही. म्हणून तुमची गाडी गावात ठीक आणि साठला मिस मारते. दुसरं, नळीतलं पाणी. प्लगच्या बाहेरून ओल धरली की करंट टोकाऐवजी बाहेरूनच हेडला जातो, पावसाळ्यातच त्रास सुरू झाला हे त्याच्याशी जुळतं. तिसरं, कॅप (प्लगवर बसणारी टोपी), वायर किंवा कॉइल (ठिणगीचं व्होल्टेज तयार करते ती), या गाडीत दोन्ही प्लगना वेगळी कॉइल आहे.

ओळखायचं कसं, तर दोन्हीकडे मॅन्युअलच्या नंबराचे नवे सारखे प्लग टाका, आठवडाभर चालवा, परत काढून बघा. आतला परत काळा पडला तर दोष प्लगचा नाही, त्या बाजूच्या कॅप-वायर-कॉइलचा. दोन्ही सारखे बिस्किटी निघाले तर विषय मिटला.

मायकोवाले_काका

मुलांनो वाचून बरं वाटलं, आजकाल प्लग काढून कोणी बघत नाही, डायरेक्ट नवा. आमच्या वेळी प्लग म्हणजे मायको, दुसरं नावच कोणी घ्यायचं नाही. बंगळूरची मोटर इंडस्ट्रीज कंपनी, १९५१ सालची, २००८ मध्ये नाव बदलून बॉश लिमिटेड झालं, तरी आमच्या आळीत अजून सगळे मायकोच म्हणतात. टू-स्ट्रोक गाडी असायची, पेट्रोलात ऑइल मिसळलेलं, त्याचा कार्बन वाढत वाढत दोन टोकांच्या मधे पूल बांधायचा की गाडी भर रस्त्यात बंद. त्यामुळे डिकीत एक जादा प्लग आणि प्लग पाना नसेल तर घरातून बाहेर पडायचं नाही असा नियम. पॉलिश पेपरने घासायचा, पेट्रोलात बुडवायचा, फुंकर मारायची, झाली चालू.

पण ते दिवस गेले. प्लग शंभर-सव्वाशेला मिळतो, घासून घासून तोच लावण्यात अर्थ नाही, आणि गॅरेजमध्ये वाळू मारून साफ करायचं मशीन असतं त्याने साफ केलेल्या प्लगच्या आत वाळूचे कण अडकून राहतात ते मग इंजिनात जातात. रस्त्यात अडलात तर घासा, घरी आलात की बदला.

संध्या_सह्याद्री

इरिडियमबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही म्हणून लिहिते. मी माझ्या सिंगल प्लगच्या गाडीत वापरते आणि समाधानी आहे, पण गाडी उडते बिडते असं काही नाही. पॉवर वाढत नाही. इरिडियम धातू २४०० अंशांच्या वर वितळतो, साध्या प्लगच्या टोकाचं निकेल साडेचौदाशेच्या आसपास, त्यामुळे इरिडियमचं टोक अगदी सुईसारखं बारीक करता येतं, ०.६ मिमी, डेन्सोचं तर ०.४ पण येतं. बारीक टोकावरून ठिणगी कमी व्होल्टेजला उडते आणि टोक झिजत पण हळू, म्हणजे गॅप जास्त दिवस टिकते. थंडीत सकाळी स्टार्टिंगला फरक जाणवतो, आयडलिंग जरा गुळगुळीत. एवढंच. साधा प्लग दहा-बारा हजार किमीला बदलायचा तर हा त्याच्या दुप्पट-तिप्पट जातो.

पण घाटवाट, तुझ्या गाडीत आत्ता टाकू नकोस. कॅप किंवा कॉइल कमकुवत असेल तर इरिडियम ते काही दिवस झाकून ठेवेल आणि तू म्हणशील बघ इरिडियमने जमलं, आणि मग एक दिवस परत तेच. आधी साध्या जोडीवर गाडी बरी कर, मग हौस कर. आणि एकदा टाकलास तर त्याला पॉलिश पेपर, वायर ब्रश काही लावायचं नाही, गॅप बघताना मधल्या टोकाला गेज टेकवून जोर द्यायचा नाही, तुटतं.

नकली मालाचं पण बघ. इरिडियमच्या नावाने खपवलेलं बरंच काही मिळतं. वायसर (आट्यांच्या वरची चकती) हाताने सहज निघून येत असेल, मधलं टोक बरोबर मधोमध नसेल, चिनी मातीवरची अक्षरं नखाने पुसली जात असतील, आटे खरखरीत असतील, तर परत कर. अस्सल प्लगचा वायसर दाबून बसवलेला असतो, उलटा धरला तरी पडत नाही.

घाटवाट

धन्यवाद संध्याताई, काका, सगळेच. साधी जोडी घ्यायचं ठरलं. आता बसवायचं सांगा. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) नाहीये. आणि आट्यांना ग्रीस लावायचं का? एका व्हिडिओत ग्राफाइट ग्रीस लावत होता.

पाना_१६

बसवायच्या आधी गॅप बघा. डबीवर "प्री-गॅप्ड" (गॅप आधीच लावलेली) लिहिलेलं असलं तरी बघा, वाहतुकीत पडतात. फिलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, शंभर-दीडशेला मिळतं. गाडीगणिक आकडा बदलतो, मॅन्युअलमध्ये जो आकडा असेल तो ठेवा. कमी-जास्त करायचं तर बाहेरचा वाकडा पाय हलवायचा, मधल्याला हात नाही.

खोल नळीतला प्लग पान्याने सुरू करू नका. पेट्रोलच्या पाईपचा वीतभर तुकडा घ्या, प्लगच्या डोक्यावर घट्ट बसवा आणि त्या पाईपने फिरवत आत घाला. आटे सरळ लागले तर आरामात जातो, तिरके लागले तर पाईपच सटकतो, आटे वाचतात. टेकेपर्यंत हातानेच. टेकला की मग पाना, आणि नवा प्लग असेल तर १० मिमीच्या प्लगला अर्धा फेरा, बस. तेवढ्यात वायसर दाबला जातो. जुनाच परत लावत असाल तर वायसर आधीच दबलेला असतो, तिथे फेऱ्याचा बारावा भाग, म्हणजे घड्याळाचा काटा एक आकडा पुढे जातो तेवढंच. टॉर्क रेंच मिळालाच तर १० मिमीला १० ते १२ न्यूटन-मीटर. लोक चारचाकीचे नट आवळल्यासारखे आवळतात, मग पुढच्या वेळी आमच्याकडे येतात.

सैल पण ठेवू नका. प्लगची उष्णता वायसर आणि आट्यांमधूनच हेडला जाते, सैल राहिला तर बरोबर नंबरचा प्लग पण तापून पांढरा पडतो.

ग्रीस मी लावतो थोडं, कोकणातल्या गाड्या येतात, खाऱ्या हवेने प्लग गंजून अडकतात.

काजळी_वाचक

ग्रीसवर माझं वेगळं मत. चांगल्या कंपनीच्या प्लगच्या आट्यांवर मुलामा दिलेला असतोच, एनजीके तर स्पष्ट सांगते की काही लावू नका. आटे गुळगुळीत झाले की तेवढ्याच जोरात प्लग जास्त आवळला जातो आणि १० मिमीच्या प्लगची मान बारीक असते, ताणली जाते. टोकाला ग्रीस गेलं तर ठिणगीची पण वाट. कोरडाच बसवा.

ग्रीस लावायचंच तर कॅपच्या रबराच्या आतल्या कडेला सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक ग्रीस बोटभर फिरवा, पाणी आत जात नाही. तुमच्या नळीचा प्रश्न त्याने बराच सुटेल.

पाना_१६

मान्य, नव्याला नको. मी म्हणतो ते समुद्रकाठच्या जुन्या गाड्यांचं.

घाटवाट

अपडेट. जोडी टाकली, स्टार्टिंग लगेच सुधारलं पण साठच्या पुढचं मिसिंग पूर्ण गेलं नाही, कमी झालं. आठवड्याने काढून बघितले तर आतला परत काळसर. मग त्या बाजूची कॅप वायरवरून पिळून काढली तर आत हिरवा गंज, आणि कॅपच्या अंगाला केसाएवढी चीर होती. वायरचं टोक पाव इंच छाटून नवी कॅप पिळून बसवली, रबराला ग्रीस फिरवलं. काल आंबा घाटात चौथ्या गिअरला चढली. कार्बला हात लावला नाही.

एक शंका, आता दोन्ही प्लग तपकिरीपेक्षा जरा पांढऱ्याकडे झुकलेत. काळजीचं आहे का?

काजळी_वाचक

झकास. पांढऱ्याबद्दल, हल्ली पंपावर ई२० (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल मिळतं, इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतो त्यामुळे कार्बवाल्या जुन्या गाडीत मिश्रण थोडं हलकं होतं आणि प्लग पूर्वीपेक्षा फिका दिसतो. नुसता फिका असेल तर चालू द्या. खडूसारखा पांढरा, त्यावर बारीक फोड किंवा चकाकणारे ठिपके दिसले, किंवा गाडी थ्रॉटल सोडल्यावर फटफट करायला लागली, तर कार्बचा एअर स्क्रू आणि इनटेकचं रबर फाटलंय का ते बघा.

स्प्लेंडरवाला

मधेच घुसतो. माझ्याकडे पल्सरचा काढलेला चांगला प्लग पडलाय, जुन्या स्प्लेंडरला चालेल का? पाना तोच १६ चा लागतो आणि आटे पण तेवढेच जाड दिसतात, दोन फेरे फिरवून बघितले, बसतोय.

पाना_१६

काढा लगेच, किक मारू नका. जाडी सारखी आहे, लांबी नाही. जुन्या स्प्लेंडरला आखूड आट्यांचा लागतो, १२.७ मिमीचा, एनजीकेचा सी७एचएसए म्हणून मागा. पल्सरचा १९ मिमीचा. सहा मिमी जास्तीचा आत घुसला तर पिस्टन नाहीतर व्हॉल्व्ह त्यावर आपटेल. आणि नाही आपटला तरी बाहेर आलेल्या आट्यांवर कार्बन बसून पुढच्या वेळी प्लग निघताना हेडचे आटे घेऊन येईल.